नवव्या भागातलं वादळ

चष्म्याच्या दुकानात पुढे आरसे असतात, दिवे असतात, फ्रेमांच्या रांगा असतात. आणि मागे एक खोली असते, जिथे गिऱ्हाईक सहसा डोकावत नाही. त्या मागच्या खोलीत फिटर बसायचा. फ्रेमच्या मापाने काच घासायची, कडा गुळगुळीत करायच्या, फ्रेम गरम हवेवर धरून मऊ करायची, काच बसवायची आणि तयार चष्मा कापडाने पुसून खिडकीतून पुढे सरकवायचा, हे त्याचं काम. एकोणीस वर्षं तो हेच करत होता. पुढचं सगळं मालकीणबाई बघायच्या. डोळे तपासणं, फ्रेम दाखवणं, फोन उचलणं त्यांच्याकडे. फिटरने इतक्या वर्षांत दुकानाचा फोन एकदाच उचलला होता. पलीकडच्या माणसाने चार वेळा हॅलो हॅलो केलं आणि लाइन बिघडली असं समजून फोन ठेवून दिला.

फिटर अडखळत बोलायचा. ओठ मिटून म्हणायची अक्षरं, म्हणजे शब्दाच्या सुरुवातीचे प, ब आणि म, लहानपणापासून त्याच्या वाटेत आडवी पडत आली होती. तोंड उघडायच्या आधीच त्याला कळायचं की पुढच्या वळणावर ‘म’ उभा आहे, आणि तो गुपचूप वाट बदलायचा. पाणी हवं असलं की ‘तहान लागलीय’ म्हणायचा. मंगळवार म्हणायचा असला की ‘सोमवारच्या दुसऱ्या दिवशी’. त्याचं स्वतःचं नावही ‘प’वरून सुरू होत होतं आणि नावाला काही दुसरी वाट नसते, म्हणून नव्या माणसापुढे तो नाव सांगायचंच टाळायचा, आणि होता होता सगळेच त्याला फिटर म्हणायला लागले. मालकीणबाई त्याच्या तोंडातला शब्द ओढून काढायच्या नाहीत. हातातलं काम करत त्या वाट बघायच्या. दुसऱ्या दुकानांनी दोनदा बोलावूनही तो गेला नाही, तो तेवढ्यासाठीच.

लिहिताना मात्र त्याचा हात कुठेच अडायचा नाही. ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, बघणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या एका फोरमवर तो ‘उणे साडेतीन’ या नावाने लिहायचा. हा त्याच्या स्वतःच्या डाव्या डोळ्याचा नंबर. मालिकेचा प्रत्येक भाग झाला की दुसऱ्या दिवशी त्याचं परीक्षण यायचं, आणि लोक त्याची वाट बघायचे. उगाच कौतुक नाही, उगाच फाडून खाणं नाही. अमुक प्रसंगात खोलीतला उजेड कुठून येतोय इथपासून अमुक माणूस असं का वागला इथपर्यंत, सगळं तो शांतपणे उलगडून दाखवायचा. हा माणूस बोलताना अडखळतो हे तिथे कुणालाही ठाऊक नव्हतं.

ॲनिमेचा नाद त्याला आईमुळे लागला होता. आई टेलिफोन ऑपरेटर होती. तेहतीस वर्षं कानाला यंत्र लावून बसल्यामुळे तिचे कान असे तयार झाले होते की जिन्यावरच्या पावलांवरून कोण आलं आणि कसल्या मूडमध्ये आलं ते सांगायची. डोळ्यांनी मात्र म्हातारपणी दगा दिला. डोळ्यांतल्या पडद्याचा मधलाच भाग झिजला. समोरच्या माणसाचे कान, केस, खांदे दिसायचे; चेहऱ्याच्या जागी धूसर डाग. यावर कुठलाच चष्मा चालत नाही, हे फिटरपेक्षा जास्त कुणाला माहीत असणार. तरीही त्याने तिच्यासाठी चार चष्मे बनवले होते. ती ते आलटून पालटून लावायची, त्याला बरं वाटावं म्हणून.

घरातल्या टीव्हीवरच्या रोजच्या मालिकांना आई विटली होती. ‘सगळ्या बायका एकाच नाकातून रडतात,’ असं तिचं म्हणणं. एका दुपारी चॅनल बदलता बदलता एक जपानी मालिका लागली आणि ती म्हणाली, राहू दे, हे आवाज चांगले आहेत. मग दोन मिनिटांनी विचारलं, काय म्हणतेय ती मुलगी? फिटरने खाली येणारी भाषांतराची ओळ वाचून दाखवली. मग पुढची. तेव्हापासून ती रीतच पडली. ओळ आली की तो चित्र थांबवायचा, वाचायचा आणि पुन्हा सुरू करायचा. इथे वाट बदलायची सोय नव्हती. ओळीत ‘म’ असला तर ‘म’मधूनच जावं लागायचं. तेवीस मिनिटांच्या भागाला सव्वा तास लागायचा. आई टीव्हीकडे तिरकी बसायची, कडेच्या नजरेने रंग टिपायची, आणि तो अडला की थांबायची. खराब लाइनीवर समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत मध्ये बोलायचं नाही, ही तिची नोकरीतली सवय घरातही सुटली नव्हती.

त्या वर्षी ते दोघं ‘वाऱ्याची बातमी’ बघत होते. एका लहानशा बेटावर हवामान केंद्र असतं. तिथला म्हातारा अधिकारी आजारी पडतो आणि त्याचं काम त्याच्या सतरा वर्षांच्या नातीवर येतं. रोज पहाटे रेडिओवरून मच्छीमारांना वारा, लाटा आणि धुकं सांगायचं, एवढंच ते काम. पण ही मुलगी अडखळत बोलते. पहिल्या भागात बोटींवरची माणसं वैतागतात. जाड भिंगांचा चष्मा लावणारा एक म्हातारा मच्छीमार तर रेडिओच बंद करून टाकतो. चौथ्या भागापर्यंत तोच म्हातारा तिच्या बातमीच्या वेळेला चहाचं आधण ठेवायला लागतो, कारण बातमी संपेपर्यंत चहा बरोबर होतो. आठव्या भागात दाट धुकं पडतं. ती एका शब्दावर अडते, आणि समुद्रावरच्या सगळ्या बोटी एकेक करून आपापली इंजिनं बंद करतात, तिचा शब्द आवाजात हरवू नये म्हणून. चाळीस सेकंद पडद्यावर नुसतं धुकं. संगीत नाही, काही नाही. मग तो शब्द येतो.

हा प्रसंग मायलेकांनी तीनदा बघितला. तिसऱ्यांदा आईने डोळे मिटूनच घेतले. त्या भागावरचं ‘उणे साडेतीन’चं परीक्षण फोरमवर सगळ्यात जास्त वाचलं गेलं.

आणि मग नववा भाग आला.

रविवारची दुपार होती. फिटरने पडदे ओढले, आईच्या पाठीशी उशी दिली आणि भाग लावला. वादळ येत असतं. बोटी समुद्रात अडकलेल्या. मुलगी माइक हातात घेते, मागे मोठ्ठं संगीत सुरू होतं, आणि ती बोलायला लागते. न अडखळता. दोन मिनिटं सलग, घडाघडा, कुणी कुठल्या दिशेने वळायचं, कुठला खडक टाळायचा, सगळं. बोटी परत येतात. लोक तिला खांद्यावर घेतात. आजोबा अंथरुणातून उठून दारात येतात आणि डोळे पुसत म्हणतात, ‘आता तू बरी झालीस.’

ते दोन मिनिटांचं भाषण फिटरला आईला वाचून दाखवायचं होतं. त्याला सतरा मिनिटं लागली. पडद्यावरची मुलगी तोंड उघडं ठेवून थांबलेली आणि खोलीत तो तिचं न अडखळणारं वाक्य अडखळत ओढतोय. एका ओळीवर तर तो इतका अडला की टीव्हीने आपणहून पडदा काळा केला. त्याने बटण दाबून चित्र परत आणलं आणि ओळ पुरी केली. ‘आता तू बरी झालीस’ हे वाक्य वाचल्यावर त्याने रिमोट खाली ठेवला.

आईने तिरकी धरलेली मान सरळ केली. मग म्हणाली, “आवाज तिचाच आहे रे. पण बोलतंय दुसरंच कुणीतरी.”

त्या संध्याकाळी फिटरने तो भाग एकट्याने, आवाज बंद करून पुन्हा बघितला. काय चुकलं ते त्याला नीट शोधायचं होतं. चुका तशा भरपूर होत्या. एकच लाट तीनदा वापरली होती. लाल पट्ट्याची बोट बंदरात बांधलेली दिसत होती आणि पुढच्याच क्षणी वादळात. आणि त्या म्हाताऱ्या मच्छीमाराचा चष्मा. जाड उणे भिंगामागे गालाची रेघ आत सरकलेली दिसते. आधीच्या आठ भागांत कुणीतरी ती प्रत्येक वेळी बरोबर आत सरकवून काढली होती, आणि फिटरने पहिल्याच परीक्षणात त्या अनोळखी चित्रकाराला सलाम ठोकला होता. नवव्या भागात ती रेघ काचेतून सरळ खाली आली होती. साधी काच. म्हणजे हात बदलला होता, किंवा घाई झाली होती. घाईचा त्याला राग नव्हता. घाईच्या दिवशी त्याच्याही हातून एखादी काच अर्ध्या अंशाने फिरायची. हे सगळं त्याने पोटात घातलं असतं.

परीक्षणात त्याने ते तसंच लिहिलं. वर भागातल्या चांगल्या गोष्टी मांडल्या, मग त्या चुका, आणि शेवटी हे:

‘आठ भाग या मालिकेने मुलीला बदललं नाही, ऐकणाऱ्यांना बदललं. चिडणारी माणसं थांबायला शिकली, इंजिनं बंद करायला शिकली. नववा भाग म्हणतो की ते सगळं तात्पुरतं होतं, ती एकदाची बरी होईपर्यंत काढलेले दिवस होते. वादळात ती अडखळत बोलली असती आणि बोटींनी तिचा प्रत्येक शब्द येईपर्यंत धीर धरला असता, तर मला श्वास घेता आला नसता. त्याऐवजी मला घड्याळात बघावंसं वाटलं. इतका चांगला धागा हातात असताना तो तोडून टाकायला कुणी सांगितलं?’

प्रतिक्रियांचा पाऊस पडला. बरेच जण सहमत होते, काहींना भाग आवडला होता आणि त्यांनी तसं सरळ सांगितलं. पण ‘आठवा मजला’ या नावाने लिहिणाऱ्या एकाचं उत्तर जिव्हारी लागेल असं होतं. त्याने लिहिलं होतं, की एक पोरगी धड बोलायला लागली हेही तुम्हाला बघवत नाही. माझ्या घरी त्या प्रसंगाला टाळ्या वाजल्या. अडखळणं म्हणजे काय ते ज्याच्या घरात आहे त्याला विचारा. तुम्हाला नुसतं कागदावर छान लिहिता येतं, तुम्हाला त्यातलं काय कळणार?

फिटरने उत्तरात लिहिलं, ‘मला कळतं.’ मग ते पुसलं. मग पुन्हा लिहिलं आणि पुन्हा पुसलं. दोन दिवस त्याचं कामात लक्ष नव्हतं. मालकीणबाईंनी एका चष्म्याच्या डाव्या-उजव्या काचा उलट्या बसवलेल्या पकडल्या आणि काही न बोलता खिडकीतून परत आत सरकवल्या.

गावातल्या वाचनालयात वरच्या मजल्यावर महिन्यातून एका शनिवारी ॲनिमेप्रेमींची बैठक भरायची. ती चालवायच्या तिथल्या ग्रंथपालबाई. फोरमवरचा हा वाद त्यांनी वाचला होता, आणि दोन्ही लिहिणारे याच गावातले आहेत हे लिखाणातल्या गावच्या उल्लेखांवरून त्यांच्या कधीच लक्षात आलं होतं. त्यांनी दोघांनाही निरोप धाडला, की या आणि आपापली बाजू मांडा. फिटरने कळवलं की यायला जमणार नाही, लेख मात्र खुशाल वाचून दाखवा. बाईंनी बरं म्हटलं, आपणच वाचू म्हणाल्या.

त्याने हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मला ऐकायला आवडेल, मी जाते. ती एकटी जिने कशी चढणार? म्हणजे फिटरला जावंच लागणार होतं. आपल्याला घोळात घेतलं जातंय हे त्याला कळत होतं, पण त्याने हरकत घेतली नाही. आपण मागच्या रांगेत बसू, कुणाला काय कळतंय, असा त्याने विचार केला.

खोलीत पंचवीसेक माणसं होती. पुस्तकांच्या कपाटांमधल्या मोकळ्या जागेत खुर्च्या मांडल्या होत्या. ग्रंथपालबाईंनी परीक्षण वाचायला घेतलं. त्यांचा आवाज गोड होता, शब्द स्वच्छ. जिथे थांबायचं तिथे त्या थांबायच्या, जिथे आवाज चढवायचा तिथे चढवायच्या. माणसं माना डोलवत होती. फिटरला मात्र खुर्चीत बसवेना. सगळे शब्द त्याचेच होते, एकही इकडचा तिकडे झाला नव्हता, आणि तरी ते लोण्यावरून घसरावेत तसे घसरत चालले होते. त्याने आईकडे बघितलं. तिने मान तिरकी केली होती आणि ओठ मुडपले होते. ‘राँग नंबर’ म्हणायच्या वेळी ती असाच चेहरा करायची.

मग ‘आठवा मजला’ उठला. फिटरने मनात एखादा तरतरीत, तोंडाळ माणूस उभा केला होता. हा चांगला आडवातिडवा, टक्कल पडलेला, लाजरा गृहस्थ होता. लिफ्ट दुरुस्त करायचं काम करायचा. धुऊनही त्याच्या नखांत ग्रीसच्या काळ्या रेघा राहिल्या होत्या. तो म्हणाला की त्याला भाषण येत नाही. त्याची मुलगी नऊ वर्षांची आहे, ती अडखळते. शाळेत बोलायचंच टाळते. नवव्या भागात ती मुलगी बोलायला लागली तेव्हा त्याची लेक सोफ्यावर उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि तिला इतकं खूश त्याने बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं.

“हे ज्यांनी लिहिलंय ते हुशार आहेत,” तो म्हणाला. “पण त्यांनी एकदा येऊन तिच्या तोंडाकडे बघावं. मग लिहावं.”

तो खाली बसला. ग्रंथपालबाई म्हणाल्या की लेखक आज आलेले नाहीत. आणि त्याच वेळी मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

फिटर उभा राहिला होता. आपण उभे आहोत हे त्यालाही उभं राहिल्यावर कळलं.

“ते लिहिणारा मी,” त्याला म्हणायचं होतं. पहिले दोन शब्द आले. ‘मी’पाशी ओठ मिटले ते उघडेनात. मानेच्या शिरा ताठ झाल्या, डोळे मिटले गेले. खोलीत कुणीतरी फिस्सकन हसलं. गंमत चालली आहे असं त्याला वाटलं असावं. आणि लगेच गप्प झालं. कपाटावरचं घड्याळ टकटकत होतं. मग ‘मी’ आला.

पुढे तो जे बोलला ते इथे सलग लिहिलं आहे. तसं ते आलं नाही. त्याला अकरा मिनिटं लागली.

तो म्हणाला, “मी दहा वर्षांचा असताना असाच एक सिनेमा बघितला होता. त्यातला मुलगा शेवटी घडाघडा बोलतो. मीपण टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात कविता म्हणायला हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदा. मला वाटलं, मनात आणलं की होतं. तास संपेपर्यंत मी उभा होतो. पहिला शब्दसुद्धा आला नाही.”

तो थांबला, श्वास घेतला.

“मास्तर वाईट नव्हते. त्यांनी मला बस म्हटलं नाही, कारण तो सिनेमा त्यांनीही बघितला होता. त्यांना वाटत होतं, आता येईल. मला अडखळायची लाज आधीपासून होतीच. त्या दिवसापासून आणखी एक गोष्ट वाटायला लागली. की माझं मनच कमी पडतंय.”

एवढं बोलून तो बसला. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. आईने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवाव्यात की नाही हे कुणालाच कळेना.

लिफ्टवाला वळून त्याच्याकडे बघत होता. त्याने विचारलं, “मग मी तिला काय सांगू?”

फिटरने विचार केला. “ते मला माहीत नाही,” तो म्हणाला. ‘माहीत’ला पुन्हा वेळ लागला. लिफ्टवाला तो शब्द येईपर्यंत थांबला.

बैठक पांगल्यावर लिफ्टवाला जिन्यापाशी रेंगाळला. आईचा दुसरा हात त्याने आपणहून धरला आणि तिघं सावकाश खाली उतरले. उतरता उतरता त्याने सांगून टाकलं, की ‘तुम्हाला काय कळणार’ असं लिहिलं ते चुकलंच. फिटरने हाताने ते उडवून लावलं. आई म्हणाली, लिफ्टवाला सोबत असताना आम्ही जिने उतरतोय हे मात्र चुकलं. तिघंही हसले. फाटकापाशी फिटरने आपलं दुकान कुठलं ते सांगितलं आणि विचारलं, की भाग बघितला त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या मुलीने शाळेत हात वर केला का? लिफ्टवाल्याचा चेहरा उतरला. हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. विचारतो म्हणाला.

तीन आठवड्यांनी लिफ्टवाला मुलीला घेऊन दुकानात आला. तिला फळ्यावरचं धूसर दिसतं अशी शाळेतून चिठ्ठी आली होती. मालकीणबाईंनी डोळे तपासले, नंबर निघाला, तिने निळी फ्रेम पसंत केली. मग लिफ्टवाल्याने फिटरला हाक मारली. मालकीणबाईंनी एकदा फिटरकडे, एकदा त्या माणसाकडे बघितलं आणि म्हणाल्या, आतच या, काका काच कशी घासतात ते तिला बघू दे.

मुलगी काच घासायच्या चाकावरून उडणारं पाणी बघत उभी राहिली. मग तिने फिटरला विचारलं, तुमचं कुठलं अक्षर अडतं? त्याने सांगितलं. तिने आपलं सांगितलं, ‘र’ आणि कधी कधी ‘क’. ‘र’ फार वाईट, असं दोघांचं एकमत झालं. तिलाही वेळ लागत होता, त्यालाही, आणि चाक मध्येच खरखरत होतं. एवढंसं बोलणं व्हायला एक अख्खी काच घासून झाली.

लिफ्टवाला दारात उभा होता. त्याने फिटरला सांगितलं की त्याने घरी विचारलं होतं, पण तिने नुसती मान हलवली. म्हणून फिटरनेच चाक बंद करून तिला विचारलं, की ती मुलगी घडाघडा बोलायला लागली तेव्हा तू टाळ्या वाजवल्यास, मग सोमवारी शाळेत हात वर केलास का?

मुलगी त्याच्याकडे अशी बघायला लागली, जणू या काकांना साधं एवढंही कळत नाही.

“मी त्यासाठी नाही वाजवल्या,” ती म्हणाली. “बोटी परत आल्या म्हणून वाजवल्या.”

“आणि तिचं बोलणं?” लिफ्टवाल्याने दारातून विचारलं.

“ते तर खोटंच होतं,” ती म्हणाली. “असं कुणाचं होतं का?”

लिफ्टवाल्याने कपाळावरून हात फिरवला. हे आधी का नाही सांगितलंस, असं त्याने विचारल्यावर ती म्हणाली की तुम्ही विचारलंच नव्हतं, तुम्ही फोनवर कुणाला तरी रागाने लिहीत होतात. फिटरने मान खाली घालून दुसरी काच उचलली, कारण त्याला हसू आवरत नव्हतं. निळा चष्मा तयार झाल्यावर त्याने तो तिच्या कानांवर बसवला, डावी काडी थोडी गरम करून आत वळवली, आणि मान जोरात हलवून बघ म्हणाला. चष्मा जागचा हलला नाही.

‘वाऱ्याची बातमी’ पुढे तीन भाग चालली आणि संपली. ती मुलगी शेवटपर्यंत घडाघडाच बोलत राहिली. मायलेकांनी सगळे भाग बघितले, कारण सुरू केलेलं पुरं करायचं अशी आईची शिस्त. शेवटच्या भागावर फिटरने आठच ओळी लिहिल्या. त्यातल्या दोन, त्या म्हाताऱ्या मच्छीमाराचा चष्मा पुन्हा बरोबर काढणाऱ्या हाताबद्दल होत्या.

बैठकीला तो आता जातो. ग्रंथपालबाईंनी वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आणली. कारण काही सांगितलं नाही, फलकावर नुसता आकडा बदलला. लिफ्टवाला पहिल्या रांगेत असतो आणि बहुतेक मालिकांवर त्याचं आणि फिटरचं पटत नाही. फिटर कधी बोलतो, कधी नुसताच ऐकून येतो. मागच्या महिन्यात एका नव्या मालिकेतल्या सावल्या कशा चुकल्या आहेत यावर तो पंचवीस मिनिटं बोलला, आणि शेवटी शेवटी माणसं जांभया द्यायला लागली, दोघं तर उठून गेले. घरी येताना तो जरा खट्टू होता. आईने त्याला समजावलं की त्याचं अडखळणं आता कुणी मनावर घेत नाही.

“विषयच कंटाळवाणा होता रे,” ती म्हणाली.